माशाची आकृती आणि माशाचे मूळ
स्थलांतरी मत्स्यांच्या समष्टी शरीरमापनाने ओळखण्याच्या रीतीविषयी

पावसाळ्याचे गढूळ पाणी नद्यांतून समुद्रात उतरू लागले म्हणजे हिलसा मासा समुद्र सोडून नदीमुखात शिरतो आणि प्रवाहाविरुद्ध पोहत वर जाऊन गोड्या पाण्यात अंडी घालतो. हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या मत्स्यांवरील आपल्या ग्रंथात ह्या माशाचे शास्त्रीय वर्णन केले; आज त्याला टेन्युअलोसा इलिशा असे नाव आहे. बंगाल्यांचा तो इलिश, सिंधमधील पल्ला आणि आपल्या कोकणात पाला. गंगा, पद्मा, महानदी, गोदावरी, नर्मदा, सिंधू, इरावती अशा एकमेकींपासून शेकडो मैल दूर असलेल्या नद्यांत तो चढतो. मग सहजच प्रश्न उद्भवतो : हुगळीत चढणारा हिलसा आणि गोदावरीत चढणारा हिलसा हे समुद्रात एकत्र नांदणाऱ्या एकाच समूहाचे घटक आहेत, की प्रत्येक नदीचा हिलसा निराळा असून तो आपल्याच नदीत परत येतो?

हा प्रश्न केवळ वर्गीकरणाच्या हौसेचा नाही. सर्व नद्यांचा हिलसा एकच असेल, तर एका नदीत मासेमारीचा अतिरेक झाला तरी समुद्रातून नव्या माशांचा पुरवठा होऊन ती तूट कालांतराने भरून निघेल. प्रत्येक नदीची समष्टी जर स्वतंत्र असेल, तर एका नदीतील मासा संपला की तो संपलाच; शेजारच्या नदीतून त्याची जागा घ्यावयास कोणी येणार नाही. समष्टी हा शब्द येथे ह्याच अर्थाने योजिला आहे : ज्यांचे प्रजनन मुख्यत्वे आपसात होते आणि ज्यांची वाढघट इतरांवर फारशी अवलंबून नसते, असा एका जातीतील गट. असे गट डोळ्यांना दिसत नाहीत. समुद्रात त्यांच्यामध्ये कुंपण नसते. त्यांना ओळखण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे माशांची शरीरे मोजणे. हा मार्ग काय सिद्ध करू शकतो व काय करू शकत नाही, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ह्या विद्येचा उगम उत्तर युरोपातील हेरिंग माशाच्या अभ्यासात आहे. अठराव्या शतकात हँबुर्गचा नगराध्यक्ष योहान अँडरसन ह्याने असे मत मांडले होते की, हेरिंगचे मूळ घर उत्तर ध्रुवाकडील बर्फाखाली असून तेथून दरवर्षी एक प्रचंड थवा दक्षिणेकडे निघतो, वाटेत त्याच्या शाखा फुटतात व त्या निरनिराळ्या किनाऱ्यांस लागतात. ही कल्पना भव्य होती आणि म्हणूनच बहुधा ती दीर्घकाळ टिकली. तिला निर्णायक धक्का दिला तो फ्रीडरिख हाइंके ह्या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने. त्याने हजारो हेरिंग मोजले, मणके मोजले, पोटाखालचे काटेरी खवले मोजले, परांची स्थाने मोजली, आणि १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या हेरिंगच्या निसर्गेतिहासावरील ग्रंथात दाखवून दिले की, उत्तर समुद्र, बाल्टिक समुद्र व नॉर्वेचा किनारा येथील हेरिंग हे स्वतंत्र स्थानिक गट आहेत आणि त्यांचा विणीचा काळ व विणीची जागाही निरनिराळी आहे.

हाइंकेचे खरे महत्त्व ह्या निष्कर्षापेक्षा त्याच्या रीतीत आहे असे मला वाटते. कोणतेही एक लक्षण घेतले तर दोन गटांतील माशांची मापे एकमेकांत मिसळलेली आढळतात; त्या एका लक्षणावरून हाती आलेला एखादा मासा कोणत्या गटाचा हे सांगता येत नाही. परंतु अनेक लक्षणे एकाच वेळी विचारात घेतली तर गट अलग होऊ लागतात. आज ज्याला बहुचल विश्लेषण म्हणतात त्याचे बीज येथे आहे. ते व्यवहारात आणण्यास लागणारे गणित मात्र हाइंकेपाशी नव्हते.

त्यानंतरचे नाव डेन्मार्कच्या योहानेस श्मिट ह्याचे. त्याने दोन अगदी भिन्न स्वभावाचे मासे अभ्यासास घेतले, आणि ती निवड मोठी बोधप्रद ठरली. पहिला ईलपाउट. हा पिलांना जन्म देणारा, किनाऱ्यालगत एका जागी राहणारा मासा आहे. डेन्मार्कच्या खाड्यांत श्मिटला असे आढळले की, एकाच खाडीच्या मुखापासून आतल्या टोकापर्यंत जाताना ह्या माशाच्या मणक्यांची सरासरी बदलत जाते; थोड्या मैलांच्या अंतरातही स्थानिक गट निराळे पडतात. दुसरा मासा युरोपीय ईल. हा नद्यांत व तळ्यांत वर्षानुवर्षे वाढतो आणि शेवटी समुद्राकडे निघून जातो. आइसलंडपासून ईजिप्तपर्यंत कोठलाही ईल घेतला तरी मणक्यांची सरासरी सुमारे ११५ हीच येते. अमेरिकेच्या किनाऱ्यावरील ईलमध्ये ती सुमारे १०७ असते. ह्यावरून श्मिटने अनुमान काढले की, युरोपातील सर्व ईल हे एकाच विणीच्या स्थानातून आलेले असले पाहिजेत. अटलांटिक महासागरात जाळी ओढून तो वर्षानुवर्षे अधिकाधिक लहान डिंभ शोधीत गेला, आणि १९२२ साली ते स्थान सारगासो समुद्रात असल्याचे त्याने प्रसिद्ध केले. अलीकडील जनुकीय अभ्यासांनीही युरोपीय ईल ही एकच, सर्वत्र मिसळणारी समष्टी असल्याच्या मतास पुष्टी दिली आहे.

परंतु ह्याच ईलची दुसरी बाजू विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून दिली पाहिजे. मच्छीमारांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे की, ईल दोन प्रकारचे असतात, रुंद डोक्याचे आणि अरुंद डोक्याचे. त्यांच्या डोक्यांची मापे घेतली तर फरक स्पष्ट दिसतो, आणि एखाद्याने केवळ त्या मापांवर भिस्त ठेवली तर ह्या दोन समष्टी आहेत असे तो निःशंकपणे लिहून मोकळा होईल. प्रत्यक्षात हा फरक बव्हंशी आहाराचा आहे. मासे व इतर कठीण भक्ष्य खाणाऱ्यांचे डोके रुंद होते, मऊ किडे-अळ्या खाणाऱ्यांचे अरुंद राहते; बेल्जियममध्ये ईलची पिले निरनिराळ्या खाद्यावर वाढवून हे प्रयोगानेही दाखविण्यात आले आहे. म्हणजे एकाच माशाच्या शरीरात दोन साक्षीदार आहेत. मणक्यांची संख्या भ्रूणावस्थेत ठरते व पुढे बदलत नाही. ती जन्मस्थानाच्या परिस्थितीविषयी बोलते. शरीराची प्रमाणे आयुष्यभर घडत राहतात. मासा कोठे राहिला, काय खाल्ले, कोणत्या पाण्यात पोहला हे ती सांगतात. आकृतिभेद हा वास्तव्याचा पुरावा आहे. रक्ताच्या वेगळेपणाचा तो पुरावा असेलच असे नाही. मणक्यांची साक्षही सर्वस्वी आनुवंशिक नव्हे. टॉनिंग ह्या डॅनिश संशोधकाने १९५२ साली दाखविले की, ट्राउटच्या अंड्यांना विकासाच्या विशिष्ट अवस्थेत निरनिराळे तापमान दिल्यास त्याच आईबापांच्या पिलांत मणक्यांची संख्या बदलते. आणि शरीराची उंची तर भयानेही बदलते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही : स्वीडनमधील तळ्यांत क्रूशन कार्प ह्या माशाच्या सहवासात शिकारी पाइक मासा सोडला असता कार्पचे अंग उंच होत जाते व तो पाइकच्या जबड्यात मावेनासा होतो, असे १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले.

असे असता आकृती मोजण्याचा खटाटोप कशासाठी, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर असे की, मत्स्यव्यवसायाच्या दृष्टीने वास्तव्याचे वेगळेपणही तितकेच महत्त्वाचे आहे. दोन ठिकाणचे मासे आयुष्यातील मोठा काळ एकमेकांत मिसळत नसतील, तर एका ठिकाणची मासेमारी दुसऱ्या ठिकाणच्या साठ्यावर लगेच परिणाम करणार नाही, मग त्यांची जनुके एक असोत वा नसोत. मात्र ही साक्ष घेताना तिची उलटतपासणी काटेकोर व्हावयास हवी, आणि तेथेच बहुतेक प्रबंध लंगडे पडतात.

पहिली अडचण आकारमानाची. मासा वाढतो तेव्हा त्याचे सर्व अवयव सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. ह्या सापेक्ष वाढीचा नियम ज्युलियन हक्स्ली ह्याने १९३२ च्या आपल्या ग्रंथात विस्ताराने मांडला : अवयवाच्या मापाचा लॉगरिथम व शरीराच्या लांबीचा लॉगरिथम ह्यांचा संबंध सरळ रेषेने दाखविता येतो आणि त्या रेषेचा उतार म्हणजे त्या अवयवाच्या वाढीचा घातांक. घातांक १ असेल तरच प्रमाण कायम राहते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. २० सेंटिमीटर लांबीच्या माशाची शरीराची उंची ६ सेंटिमीटर, म्हणजे लांबीच्या ३० टक्के आहे, आणि उंचीचा घातांक १.२ आहे. तोच मासा ४० सेंटिमीटरचा झाला की त्याची उंची १३.८ सेंटिमीटर, म्हणजे ३४.५ टक्के होईल. डोळ्याचे उलट असते. लहानपणी १.२ सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे लांबीच्या ६ टक्के असलेला डोळा, घातांक ०.७ असल्यास, ४० सेंटिमीटरच्या माशात १.९५ सेंटिमीटरचा, म्हणजे ४.९ टक्केच राहील. आता एका नदीतून लहान व दुसरीतून मोठे मासे नमुन्यात आले, आणि संशोधकाने केवळ टक्केवारी काढून तुलना केली, तर त्याला दोन "समष्टी" अवश्य सापडतील. वस्तुतः त्याला लहान मासे व मोठे मासे सापडलेले असतात. ह्यावरील उपाय असा : प्रत्येक माप एका ठरावीक लांबीला काय राहिले असते ते घातांकाच्या आधारे काढावे, म्हणजे मूळ माप गुणिले ठरावीक लांबी व त्या माशाची लांबी ह्यांच्या गुणोत्तराचा तितकावा घात. वरील ४० सेंटिमीटरच्या माशाची १३.८ ही उंची २० सेंटिमीटरला आणून ठेवली की पुन्हा ६ होते आणि भ्रम नाहीसा होतो. अर्थात् दोन्ही गटांतील घातांक एकच आहे हे आधी तपासावे लागते. तो भिन्न असेल तर तो भेद हीच नोंदण्याजोगी गोष्ट होय.

दुसरी अडचण मापांच्या परस्परसंबंधाची. डोक्याची लांबी आणि तोंडाच्या टोकापासून पृष्ठपरापर्यंतचे अंतर ही मापे एकमेकांशी बांधलेली असतात; पहिले वाढले की दुसरेही वाढते. दोन्हींत फरक दिसला म्हणून दोन पुरावे मिळाले असे समजणे म्हणजे एकाच साक्षीदाराची जबानी दोनदा नोंदविणे होय. उलट, डोके लांब पण पृष्ठपर पुढे, अशी नेहमीच्या संबंधाविरुद्ध जोडी आढळली तर ती फार बोलकी असते. परस्परसंबंध हिशेबात घेऊन दोन गटांमधील अंतर मोजण्याचे सूत्र प्रशांतचंद्र महालनोबीस ह्यांनी १९३६ साली पूर्ण स्वरूपात मांडले. त्याच वर्षी फिशरचे विवेचक फलनही प्रसिद्ध झाले. महालनोबीसांच्या ह्या कार्याचा आरंभ आपल्या प्रांताशी निगडित आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. १९२० साली नागपूर येथे भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या अधिवेशनात त्यांची भेट नेल्सन अँनन्डेल ह्यांच्याशी झाली आणि अँनन्डेल ह्यांनी कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांची आपण घेतलेली शरीरमापे विश्लेषणासाठी त्यांच्या स्वाधीन केली. अँनन्डेल हे भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक आणि चिलिका सरोवरातील प्राणिजीवनाचे अभ्यासक. माणसांच्या मापांसाठी घडविलेले हे साधन पुढे माशांच्या मापांस लागू पडले, ह्यात म्हणून एक प्रकारचे औचित्य आहे.

तिसरी गोष्ट कोणती मापे घ्यावयाची ही. जुन्या प्रघाताप्रमाणे बहुतेक मापे माशाच्या लांबीच्या दिशेने व तोंडाच्या टोकापासून घेतली जात. त्यामुळे शरीराच्या काही भागांवर मापांची गर्दी होई, काही भाग मोजलेच जात नसत, आणि टोकाशी झालेली चूक प्रत्येक मापात उतरे. १९८२ साली स्ट्राउस व बुकस्टाइन ह्यांनी सुचविलेली जाळीची रीत ह्यावर उपाय म्हणून आली. माशाच्या बाह्यरेषेवर परांचे आरंभ व शेवट, डोक्याचा मागील कडा अशी १० निश्चित स्थाने घेऊन, पुलाच्या लोखंडी सांगाड्याप्रमाणे त्यांचे चार चौकोन पाडावयाचे व प्रत्येकाचे कर्णही मोजावयाचे. दहा बिंदूंत शक्य असलेल्या ४५ अंतरांपैकी केवळ २१ अंतरे पुरतात, आणि त्यांवरून माशाची आकृती कागदावर पुन्हा रेखाटता येते. पुढे संगणक सुलभ झाल्यावर अंतरांऐवजी बिंदूंचे निर्देशांकच घेऊन, स्थान, आकारमान व दिशा ह्यांचा भाग काढून टाकून, उरलेली शुद्ध आकृती तुलनेस घेण्याची भूमितीय रीत रूढ झाली. साधने उत्तम झाली आहेत, ह्यात शंका नाही.

परंतु साधनाच्या सूक्ष्मतेने नमुन्यातील दोष भरून निघत नाही, आणि ह्या बाबतीत मला विशेष आग्रहाने लिहावेसे वाटते. हिलसा बहुधा कल्ल्यांत अडकविणाऱ्या जाळ्यांनी धरतात. अशा जाळ्यात कोणता मासा अडकेल हे त्याच्या लांबीवर नव्हे, तर त्याच्या अंगाच्या घेरावर ठरते. एका आसाच्या जाळ्यात आखूड व उंच अंगाचा मासा अडकेल आणि त्याच घेराचा लांब व सडपातळ मासाही अडकेल. आसाचा आकार बदलला की एकाच लांबीच्या माशांपैकी निराळ्या बांध्याचे मासे हाती येतील. हुगळीच्या मच्छीमारांचा आस एक व गोदावरीच्या मच्छीमारांचा दुसरा असेल, तर मासे सारखे असूनही आकृती भिन्न येईल! शिवाय नदीत चढणारी मादी अंड्यांनी भरलेली असते व तिचे पोट फुगलेले असते. वीण होऊन परतणारी मादी खंगलेली असते. आणि मादी नरापेक्षा मोठी होते. नर-मादी, पक्वता व ऋतू ह्यांची नोंद नसलेले माप जवळजवळ निरुपयोगी समजावे. बर्फात दाबून ठेवलेला मासा वाकतो, फॉर्मॅलिनमध्ये तो आक्रसतो. म्हणून काही नमुने ताजे व काही जतन केलेले, अशी सरमिसळ करू नये. बाजारातून घेतलेल्या माशांची तर व्यापाऱ्याने आधीच आकारमानाप्रमाणे निवड केलेली असते.

आणखी एक इशारा. २१ मापे आणि प्रत्येक गटाचे २०-२५ मासे एवढ्या सामग्रीवर विवेचक फलन चालविले, तर एकाच टोपलीतील माशांची चिठ्ठ्या टाकून केलेली दोन गटांत विभागणीही गणित बऱ्याच यशाने वेगळी करून दाखवील. म्हणून ज्या माशांवरून सूत्र बसविले त्यांवरच त्याची परीक्षा घेऊ नये. काही मासे बाजूस ठेवून त्यांवर, आणि शक्य तर पुढील वर्षीच्या नव्या नमुन्यावर, ती घ्यावी. गटांची नावे यदृच्छेने पुनःपुन्हा बदलून किती यश योगायोगानेच मिळते हेही पाहावे. वर्षामागून वर्ष टिकणारा भेद हाच विचारात घेण्यासारखा भेद होय.

ह्या सर्व कसोट्या मनात ठेवून हिलसाकडे परत येऊ. टी. व्ही. आर. पिल्ले ह्यांनी १९५७ साली हुगळी नदी व चिलिका सरोवर येथील हिलशाच्या मापांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला व ह्या दोन समष्टी भिन्न असल्याचा निष्कर्ष काढला. पुढे १९६८ साली घोष व त्यांचे सहकारी ह्यांनी गंगेच्या नदीसंहतीतच अंगाच्या रुंदीवरून सडपातळ, रुंद व अधिक रुंद असे तीन उपगट वर्णिले. आणि १९७५ साली फरक्का येथील बंधारा कार्यान्वित झाला. तोपर्यंत बक्सर, प्रयाग आणि त्याहीपलीकडे चढणारा हिलसा त्या बंधाऱ्याने अडविला गेला व वरच्या गंगेतील मासेमारी अल्प काळात कोसळली. आता कोणी विचारले की, वरच्या गंगेपर्यंत जाणाऱ्या हिलशाचा बांधा निराळा होता काय, आणि तो बांधा आज शिल्लक आहे काय, तर त्याचे उत्तर नदीत जाऊन मिळणार नाही. ते मिळालेच तर बंधाऱ्यापूर्वी घेतलेल्या मापांतूनच मिळेल.

जनुकीय पुराव्याने ह्या चित्रात भर घातली आहे, पण ते सोपे केलेले नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, प्रथिनभेदांवर व शरीरमापांवर आधारलेल्या एका व्यापक अभ्यासात कुवेतचा हिलसा बंगालच्या उपसागरातील हिलशाहून वेगळा आढळला. उपसागराच्या आत मात्र प्रथिनांतील भेद अल्प होता. मापांतील भेद त्याहून ठळक होते. आकृती सांगते वेगळे, प्रथिने सांगतात एक. मग कोणाचे खरे मानावे? येथे हेरिंगचा इतिहास उपयोगी पडतो. १९८० च्या दशकात हेरिंगच्या प्रथिनांतही असाच नगण्य भेद सापडला होता आणि हाइंकेचे गट केवळ परिस्थितिजन्य असावेत असे वाटू लागले होते. परंतु २०१६ पासून हेरिंगच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध होऊ लागले, तेव्हा असे दिसले की, जनुकसंचाचा फार मोठा भाग सर्वत्र सारखा असला, तरी विणीचा ऋतू व पाण्याची क्षारता ह्यांच्याशी निगडित असलेल्या थोड्या जागी वसंतात विणारे व शरदात विणारे, अटलांटिकचे व बाल्टिकचे हेरिंग स्पष्टपणे वेगळे आहेत. जुन्या प्रथिन-परीक्षांनी नेमक्या त्याच जागा पाहिल्या नव्हत्या. ह्याचा अर्थ मापे नेहमीच बरोबर ठरतात असा नव्हे. ईलच्या डोक्यांनी आपल्याला फसविलेच असते. अर्थ एवढाच की, आकृती आणि जनुके ह्यांत विसंगती आढळली असता दोहोंपैकी एक घाईने टाकून देऊ नये. विणीचा ऋतू, कर्णास्थींचे रसायन, चिन्हांकित माशांची पुनर्प्राप्ती अशी तिसरी साक्ष शोधावी.

आपल्या विभागातील जे विद्यार्थी रत्नागिरी, मालवण किंवा वेंगुर्ले येथील बांगड्यावर अथवा तारलीवर असे काम हाती घेऊ इच्छितात, त्यांना एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. प्रबंधात सरासऱ्या, टक्केवारी व अंतिम आकृत्या छापल्या जातात आणि मूळ मापांच्या वह्या कपाटात पडून वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडतात. टक्केवारीवरून मूळ माप परत काढता येत नाही. ज्यांनी केवळ गुणोत्तरे छापली त्यांचे जुने आकडे आज सापेक्ष वाढीच्या दृष्टीने पुन्हा तपासता येत नाहीत. म्हणून प्रत्येक माशाची एक ओळ, याप्रमाणे संपूर्ण कोष्टक परिशिष्टात द्यावे : तारीख, ठिकाण, जाळ्याचा प्रकार व आस, लिंग, पक्वता, ताजा की जतन केलेला, माप घेणाऱ्याचे नाव, आणि मिलिमीटरमध्ये सर्व मापे. शेजारी मोजपट्टी ठेवून, मासा सरळ व पर पसरलेले असताना काढलेले छायाचित्र जोडावे. दहापैकी एका माशाची मापे दुसऱ्या दिवशी, पहिले आकडे न पाहता, पुन्हा घ्यावीत आणि दोन्ही वेळचे आकडे जसेच्या तसे छापावेत; स्वतःच्या हातची चूक किती, हे कळल्यावाचून दोन बंदरांतील माशांत फरक किती, हे सांगता येत नाही.